३८ मुलं कुठे गेली? सहावी ते आठवीच्या एका लहान सरकारी शाळेचं प्रकरण

मुख्याध्यापिकांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर पट, दुसऱ्यावर निकाल. पाच वर्षांत पट १०२ वरून ६४ वर आला होता. आठवीच्या गणिताच्या परीक्षेत ठरलेली रेषा ओलांडणारी मुलं दुसऱ्या वर्षी ७५ टक्के होती, ती पाचव्या वर्षी ५४ टक्के उरली होती. शाळा समितीच्या लेखी यांचा अर्थ ठरूनही गेला होता. शिकवणं ढासळलं, त्यामुळे निकाल पडला, म्हणून पालकांनी मुलं काढली. शाळा चालू ठेवायची की सगळ्यांना बसने पाऊण तासावरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं, एवढाच प्रश्न उरला होता. त्या निर्णयाला आकड्यांचा आधार हवा, म्हणून मला बोलावलं होतं.

सहा आठवडे मी त्या शाळेत बसले. जनरल रजिस्टर, हजेरीपट, सहावीत मूल आलं की घेतात त्या पायाभूत चाचणीचे कागद, आठवीच्या गुणयाद्या, शिक्षकांच्या टाचण वह्या (रोज काय शिकवायचं याची नोंद असते त्या), आणि मुलांनी टाकून दिलेल्या पण एका बाईंनी कपाटात जपून ठेवलेल्या गणिताच्या वह्या, हे सगळं वाचलं. शेवटी समितीपुढे जे मांडलं त्यात घटना त्याच होत्या, फक्त त्यांचा क्रम वेगळा होता. त्या शाळेत शिकवण्याचं खरं नुकसान झालं, पण ते पट घसरल्यानंतर झालं. आणि पट घसरण्यात एका टक्केवारीचा मोठा हात होता, जी टक्केवारी कुणी नीट वाचलीच नव्हती.

शाळेचं नाव देत नाही. पट इतका लहान आहे की "आठवीतली गणितात मागे पडलेली तीन मुलं" म्हटलं तरी गावात ती कोण हे लगेच कळेल. त्याच कारणाने काही तपशीलही बदलले आहेत.

पट

शाळेत सहावी, सातवी, आठवी असे तीन वर्ग, प्रत्येकाची एकच तुकडी. मुलं येतात ती आसपासच्या दोन प्राथमिक शाळांतून. पहिल्या वर्षी सहावीत ३४, सातवीत ३३, आठवीत ३५ मुलं होती. पाचव्या वर्षी अनुक्रमे १९, २१ आणि २४. एकूण ३८ मुलं कमी.

पट घसरला की लोक विचारतात, "मुलं कुठे गेली?" या प्रश्नातच गृहीत धरलेलं असतं की मुलं होती आणि ती कुठेतरी गेली. म्हणून मी आधी दोन्ही प्राथमिक शाळांच्या पाचवीचा पट काढला. पहिल्या वर्षाच्या सहावीसाठी पाचवीतून ३६ मुलं बाहेर पडली होती. पुढच्या वर्षांत ३३, ३०, २८ आणि २६. गावात मुलंच कमी जन्मत होती, आणि तरुण कुटुंबं कामाच्या मागे बाहेर जात होती. याला सहावी ते आठवी शिकवणारी शाळा काय करणार?

पट मोजण्याची एक जुनी, साधी रीत आहे. एका इयत्तेतली किती मुलं पुढच्या वर्षी पुढच्या इयत्तेत दिसतात याचं गुणोत्तर काढायचं आणि त्याच्या आधारे पुढचा अंदाज बांधायचा. पहिल्या तीन वर्षांत पाचवी सोडणाऱ्या १०० मुलांमागे ९५ च्या आसपास या शाळेत येत होती, आणि आत आल्यावर प्रत्येक वर्गातून वर्षाला एखादंच मूल गळत होतं. हीच चाल टिकली असती तर पाचव्या वर्षी सहावीत २५, सातवीत २६, आठवीत २७, म्हणजे ७८ मुलं असायला हवी होती.

म्हणजे १०२ वरून ७८ वर शाळा तशीही येणारच होती. ३८ पैकी २४ मुलं कुणी नेली नव्हती, ती गावात नव्हतीच. उरलेल्या १४ जणांनी मात्र शाळा निवडली नाही, किंवा निवडून मग सोडली. हा हिशेब मांडल्यावर समितीतले एक गृहस्थ बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. पाच वर्षं ते ३८ चा जाब विचारत होते. खरा जाब १४ चा होता.

चौदा काही थोडे नव्हेत. चौथ्या वर्षी पाचवीच्या २८ पैकी २४ च आले, पाचव्या वर्षी २६ पैकी १९. वर्गातून होणारी गळतीही चौथ्या वर्षी एकावरून दोनवर आणि पाचव्या वर्षी तीनवर गेली. काहीतरी बिनसलं ते तिसऱ्या वर्षानंतर. तिसऱ्या वर्षी काय झालं होतं? निकाल लागला होता.

७५ वरून ५३

आठवीच्या गणिताचा पाच वर्षांचा निकाल असा: पहिल्या वर्षी ३५ पैकी २४ मुलं रेषेच्या वर, दुसऱ्या वर्षी ३२ पैकी २४, तिसऱ्या वर्षी ३२ पैकी १७, चौथ्या वर्षी २८ पैकी १८, पाचव्या वर्षी २४ पैकी १३. टक्क्यांत ६९, ७५, ५३, ६४, ५४.

गावात मात्र हा निकाल मुलांच्या संख्येत कुणी ऐकला नाही. टक्क्यांतच ऐकला. भागातल्या सगळ्या शाळांची क्रमवारी लागली, त्यात ही शाळा दुसऱ्या वर्षी वरून पहिल्या काहींत होती आणि तिसऱ्या वर्षी तळाशी. "एका वर्षात २२ टक्के" हे वाक्य मला प्रत्येक घरी ऐकू आलं, तेही जवळजवळ याच शब्दांत.

बावीस टक्के म्हणजे सात मुलं.

३२ च्या वर्गात एक मूल म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त. समजा शिकवण्यात कणभर फरक पडला नाही आणि रेषा ओलांडण्याची शक्यता ६५ टक्के असलेली ३२ मुलं दर वर्षी नव्याने येत राहिली, तरी निकाल एकाच जागी थांबणार नाही. तो ६५ च्या वर साडेआठ आणि खाली साडेआठ अशा साधारण पट्ट्यात हलत राहील, आणि तीनांतल्या एका वर्षी त्या पट्ट्याच्याही बाहेर जाईल. हजार मुलांच्या शाळेत हाच पट्टा वर दीड आणि खाली दीड टक्क्याचा असतो. अठराव्या शतकात गणिती अब्राहम द म्वाव्र यांनी मांडलेलं हे गणित आहे. गट लहान तितकी सरासरी अस्थिर, आणि अस्थिरता निम्मी करायची तर गट चौपट मोठा लागतो. दोन लागोपाठच्या वर्षांत २२ टक्क्यांचा फरक या शाळेच्या मापाने मोठा खरा, पण अघटित नव्हे.

क्रमवारीत तर हे आणखी विचित्र दिसतं. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १,६६२ शाळांचे पाचवीच्या वाचनाचे निकाल तपासून २००७ साली लिहिलं. अव्वल ५० शाळांपैकी सहा शाळा त्या राज्यातल्या सर्वांत लहान ५० शाळांतल्या होत्या. आकाराचा काही संबंध नसता तर एखाद-दुसरीच यायला हवी होती. यावरून लहान शाळा चांगल्या असं कुणीही म्हणेल, पण तळाच्या ५० पाहिल्या तर तिथे सर्वांत लहान शाळा नऊ होत्या. अर्थशास्त्रज्ञ थॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी २००२ मध्ये तिथल्याच नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या निकालांवरून हेच दाखवलं होतं. लहान शाळांचे निकाल वर्षावर्षाला इतके हलतात की टोकाच्या शाळा निवडून शाबासकी किंवा शिक्षा देणाऱ्या योजनेत त्याच पुन्हा पुन्हा सापडतात. आपल्या शाळेनेही एका वर्षात दोन्ही टोकं पाहिली. वरचं टोक आलं तेव्हा कुणी कारण विचारलं नव्हतं, सत्कार झाला होता.

हे सांगून मी थांबले असते तर ते अर्धंच झालं असतं. "योगायोग" हे उत्तर पालकाला पटत नाही, आणि पटू नये. त्याचं मूल एकच असतं. म्हणून आम्ही गुणयाद्या नावानिशी लावल्या. मी, मुख्याध्यापिका आणि गणिताच्या बाई. प्रत्येक मुलाचा एक कागद: सहावीत आलं तेव्हा पायाभूत चाचणीत कुठे होतं, आठवीतून गेलं तेव्हा कुठे.

तिसऱ्या वर्षाची "बुडालेली" आठवी म्हणजे पहिल्या वर्षाची सहावी. ती ३४ मुलं शाळेत आली त्या दिवशीच त्यांतली १८ रेषेच्या वर होती, म्हणजे ५३ टक्के. तीन वर्षांनी ३२ पैकी १७ वर, तेही ५३ टक्के. शाळेने त्यांना मागे लोटलं नव्हतं. उलट, दुसऱ्या वर्षी जिचा सत्कार झाला ती तुकडी आली तेव्हाच वरचढ होती. एक तुकडी कमकुवत आली, तिच्या आधीची तगडी आली होती, आणि दोन्हींतला फरक शिक्षकांच्या नावावर जमा झाला. गणिताच्या बाई त्या दिवशी फार बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर त्यांना पालकसभेत उभं करून प्रश्न विचारले गेले होते.

उत्तरपत्रिकांच्या याद्यांत आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. तिसऱ्या वर्षी रेषेखाली राहिलेल्या १५ मुलांपैकी पाच जण एक-दोन गुणांनीच हुकले होते. आदल्या वर्षी रेषेवर गेलेल्या २४ पैकी सहा जण एक-दोन गुणांनीच तरले होते. त्या अकरा जणांना शेजारी शेजारी बसवलं तर कोणता शिक्षक सांगेल की यातली ही सहा हुशार आणि ही पाच कच्ची?

चौथ्या वर्षाबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे चूक उलट्या बाजूची झाली. तिसऱ्या वर्षीच्या निकालानंतर घाईने रोज एक जादा तास सुरू झाला, नुसता सरावाचा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा. चित्रकला आणि वाचनालयाचा तास त्यासाठी गेला. चौथ्या वर्षी निकाल ६४ वर आला आणि जादा तासाचा गुण आला असं ठरलं. फार खाली गेलेला आकडा पुढच्या खेपेला बहुधा आपणहून मधल्या जागेकडे सरकतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं, आणि शाळांच्या निकालांत ते दर वर्षी दिसतं. जादा तासाने काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. त्या आकड्यावरून ते कळत नाही, एवढंच. आणि मुलांचा वाचनालयाचा तास मात्र नक्की गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

अकरा घरं

ती चौदा मुलं अकरा घरांतली होती. भावंडं असली की एक दाखला निघताना दुसराही निघतो, त्यामुळे लहान शाळेत एका घराचा निर्णय दोन वर्गांत दिसतो. मी मुख्याध्यापिकांबरोबर अकराही घरी गेले.

दोन घरांचं कारण अगदी व्यवहारी होतं. आई किंवा वडील मोठ्या शाळेच्या बाजूला कामाला जात होते, जाता-येता मूल सोबत राहायचं. एका घरी मुलीला वर्गातल्या दोघी-तिघी सतत टोचून बोलत होत्या, शाळेत सांगून झालं, कुणी मनावर घेतलं नाही. मुख्याध्यापिकांनी ते तिथेच वहीत लिहून घेतलं आणि त्या घरी माफी मागितली. एका घराला मुलासाठी खेळाचं मैदान आणि संघ हवा होता.

उरलेल्या सात घरांत निकाल हेच कारण होतं. पण नीट ऐकलं तर निकालाइतकंच दुसरं एक कारण होतं. एक वडील म्हणाले, "आम्ही काढलं नसतं हो. पण अमक्याने काढलं, तमक्याने काढलं, मग वाटलं आपलंच मूल मागे राहतंय." त्यांच्या मुलाचे गुण चांगले होते, त्याला बाईही आवडत होत्या. शाळेत वर्गमित्र उरतील का, या भीतीने त्यांनी मूल काढलं. लहान जागी हे असंच पसरतं. पहिले दोघे निकाल पाहून जातात, पुढचे त्या दोघांना पाहून.

जाणारी मुलं कोण होती तेही कागदांवरून दिसलं. पाचव्या वर्षाची आठवी तिसऱ्या वर्षी सहावीत आली तेव्हा २९ मुलं होती, त्यातली २० रेषेच्या वर. पुढच्या दोन वर्षांत पाच जण गेले, त्या पाचांतले चार रेषेच्या वरचे. ज्यांच्या घरी बसचं भाडं परवडतं, कुणीतरी चौकशी करतं, अर्ज भरतं, तीच मुलं आधी जातात. मागे राहिलेल्या २४ मुलांत सुरुवातीलाच १६ जण वर होते. शेवटी १३ वर राहिले. वीसाचे तेरा झाले असं क्रमवारीला दिसलं. त्या सातांतले चार दुसऱ्या शाळेत बसून चांगला अभ्यास करत होते. घसरण होती ती तीन मुलांची.

तीन मुलं हाही योगायोग असू शकतो. जो नियम मी तिसऱ्या वर्षाला लावला तो इथेही लावायला हवा. म्हणून मी आकडा सोडला आणि वह्या उघडल्या.

वह्यांत काय होतं

पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला पट ७० च्या खाली गेला आणि शिक्षकांचं एक पद कमी झालं. पद पटावर ठरतं, त्यात कुणाचा दुष्टावा नाही, हिशेबच तसा आहे. पण मुलं कमी झाली तरी इयत्ता तीनच राहतात, विषय तेवढेच राहतात, वेळापत्रकात तास तेवढेच लागतात. मोठ्या शाळेत एक पद गेलं तर तुकड्या जरा भरगच्च होतात. इथे गणित आणि विज्ञान एकाच बाईंकडे आले आणि गणितापुरता सातवी-आठवीचा जोडवर्ग झाला.

टाचण वहीत हे सरळ दिसतं. चौथ्या वर्षी आठवीला समीकरणांच्या घटकावर सात आठवडे दिले होते. पाचव्या वर्षी तीन. शेवटच्या दोन घटकांपुढे फक्त तारीख आहे, नोंद नाही. जोडवर्गात बाई सातवीला समजावत असताना आठवी फळ्यावरची उदाहरणं उतरवून घ्यायची, आणि उलट. एका मुलाच्या वहीत समीकरणाची ओळन् ओळ सुवाच्य अक्षरात आहे, एकही खाडाखोड नाही, आणि खाली स्वतः सोडवायच्या जागी पान कोरं. सलग नऊ पानं अशी. ज्या तीन मुलांची घसरण झाली त्यातला हा एक. ती कोरी पानं पाहिल्यावर मला टक्केवारीची गरज वाटली नाही.

जोडवर्ग वाईटच असतो असं नाही. दोन इयत्तांना एकत्र शिकवण्याची तयारी, वेगळं साहित्य, वेगळी आखणी असेल तर तो चालतो. इथे तो एका सोमवारी सुरू झाला आणि बाईंना दोन पाठ्यपुस्तकं हातात देऊन वर्गात पाठवलं गेलं.

वह्यांतून दुसरीही गोष्ट निघाली. ती पटाच्या आधीपासूनची आहे, आणि मला वाटतं या शाळेचा खरा आजार तोच. सहावीच्या जुन्या वह्यांत पहिल्या दोन महिन्यांत एकच चूक घरोघरच्या हस्ताक्षरांत भेटत होती: १/२ + १/३ = २/५. वर वर मिळवायचं, खाली खाली मिळवायचं. एका मुलीने हे उत्तर काढून शेजारी दोन पोळ्यांसारखी वर्तुळं काढली होती, अर्धं रंगवलं, तिसरा हिस्सा रंगवला, मग दोन पंचमांश रंगवलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं होतं. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा कमी दिसतंय हे तिला चित्रात कळलं होतं. त्या प्रश्नचिन्हापाशी कुणी थांबलं नव्हतं. बरोबर-चूक पाहून वही पुढे गेली होती.

चुका करणाऱ्यांची नावं लावली तर बहुतेक एकाच प्राथमिक शाळेतली. चौकशी केली. त्या शाळेत छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज पाचवीत वर्षाच्या अगदी शेवटी येते आणि दर वर्षी धावतपळत होते. तिथल्या गुरुजींची समजूत होती की सहावीत हे पुन्हा पहिल्यापासून घेतात. सहावीच्या बाईंची समजूत होती की हे पाचवीत झालेलं असतं. दोघे एकमेकांना नावाने ओळखत होते, पण या विषयावर कधी बोलले नव्हते. दोन शाळांच्या सांध्यात मुलं पडत होती आणि आठवीच्या रेषेपर्यंत त्याचा ओघळ येत होता.

हा सांधा अमेरिकेतही कच्चा दिसला आहे. जोना रॉकऑफ आणि बेंजामिन लॉकवूड या संशोधकांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या, तर गुइडो श्वेर्ट आणि मार्टिन वेस्ट यांनी २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. सहावी किंवा सातवीला वेगळ्या शाळेत गेलेल्या मुलांची प्रगती, बालवाडीपासून आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्यांच्या तुलनेत, नेमकी शाळा बदलल्यावर घसरलेली दिसली. त्या वयात शाळा, शिक्षक, मैत्रिणी, शरीर असं सगळंच एकदम बदलतं. लहान जागी शाळा बदलणं म्हणजे फक्त रस्त्याची दुसरी बाजू असं मोठ्यांना वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाला ते तसं वाटत नाही.

समितीपुढे

समितीपुढे मी दोन अंदाज ठेवले. पुढच्या तीन वर्षांत पाचवीतून अनुक्रमे २२, २१ आणि १८ मुलं बाहेर पडणार आहेत, ती आज त्या शाळांत बसलेली आहेत, त्यात कल्पना काही नाही. जुन्या चालीने ९५ टक्के मुलं आली तर शाळेचा पट ५९, ५७, ५५ असा उतरेल. पाचव्या वर्षाच्या चालीने आली आणि गळती तशीच राहिली तर ५०, ४१, ३५. गावाच्या हातात आहे ती ५५ आणि ३५ मधली वीस मुलं. १०२ ची शाळा परत येणार नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. काही जणांना ते आवडलं नाही. पण खोटी आशा दाखवली की पुढच्या वर्षी पुन्हा कुणालातरी उभं करून जाब विचारला जातो.

निकाल यापुढे तीन वर्षांचा एकत्र, आणि मुलांच्या संख्येसह जाहीर करायचा असं ठरलं. तसा मांडला तर ६६, ६४, ५७ असा दिसतो. यात घसरण दिसते, आणि ती लपवायची नाही असं मुख्याध्यापिकांनीच आग्रहाने म्हटलं. त्याच्या शेजारी आता दुसरा आकडा असतो: सहावीत आल्यापासून किती मुलं जागेवर राहिली, किती वर गेली, किती खाली. हा आकडा काढायला एका माणसाची दोन दुपारं लागतात. पाच वर्षं कुणी त्या दिल्या नव्हत्या.

सरावाचा जादा तास बंद झाला, वाचनालयाचा परत आला. दोन्ही प्राथमिक शाळांतले पाचवीचे गुरुजी आणि सहावीच्या बाई आता वर्षातून तीनदा बसतात. पहिल्या बैठकीत दीड तास फक्त अपूर्णांकांवर गेला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत उपयोगी दीड तास होता. सहावीचे पहिले तीन आठवडे पाठ्यपुस्तक न उघडता घडीचा कागद आणि पट्ट्या घेऊन अपूर्णांक करायचे असं ठरलं. पाचवीची मुलं शेवटच्या महिन्यात चार दिवस या शाळेत येऊन बसतात, इथल्याच वर्गात, इथल्याच बाईंपाशी.

जोडवर्गाचा प्रश्न सुटलेला नाही. पद परत मिळालं नाही. आठवड्यातले तीन तास मुख्याध्यापिका स्वतः आठवीचं गणित घेतात, त्यामुळे समीकरणांना यंदा पाच आठवडे मिळाले. हे किती वर्षं चालेल याची त्यांनाच शंका आहे. कार्यालयाचं काम त्या रात्री घरी करतात. एका प्राथमिक शाळेला जोडून पहिली ते आठवी अशी एकच शाळा करावी, हा पर्याय समितीपुढे आहे. त्याने सांधा एक तरी कमी होईल, पण दुसऱ्या प्राथमिक शाळेच्या पालकांना ते आपली शाळा गिळल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ते होऊ नये असं माझंही मत आहे.

सहाव्या वर्षी पाचवीच्या २२ पैकी १९ मुलं सहावीत आली. ज्या घरी माफी मागितली होती तिथली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही परत आले, एक आठवीत, एक सातवीत. पट ५८ आहे. जी तीन मुलं आली नाहीत त्यांची नावं मुख्याध्यापिकांच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. दोन घरी त्या जाऊन आल्या. एका घरची बदली झाली होती, दुसऱ्या घराने मूल आधीच मोठ्या शाळेत घातलं होतं आणि ते तिथे रमलं आहे. तिसऱ्या घराला दोनदा कुलूप होतं. परवा रविवारी त्या पुन्हा जाणार आहेत.